तक्रार असल्यास कळवणे

आमच्या मनीषनगरच्या फ्लॅट स्कीममध्ये कुणी गावाला निघालं, की त्याची बॅग आधी गावंडेकाकाजींच्या कानाला लागते. काकाजी चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, अंगाने अगदी काटकुळे. पण भरलेली बॅग ते दोन्ही हातांनी उचलून खरोखरच उजव्या कानाजवळ धरतात, डोळे मिटतात आणि दोन हलके हिसके देतात. आत काही सरकलं, खडखडलं, नुसता कंगवा जरी डब्याला टेकला, तरी ते बॅग खाली ठेवतात आणि समोरच्याकडे अशा नजरेने बघतात, की त्याला आपण आयुष्यात आणखीही बऱ्याच चुका केल्या असाव्यात असं वाटू लागतं.

"बोलून राहिली," ते म्हणतात. "खोला."

मग बॅग उघडायची. हो-ना करायची सोय नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वानखेड्यांना एकदा रेल्वेची घाई होती, म्हणून ते बोलणारी बॅग तशीच घेऊन निघाले, तर काकाजी गेटपर्यंत त्यांच्या मागे गेले आणि ऑटोत बसून त्यांनी ती पुन्हा भरली. वानखेड्यांची गाडी सुटता सुटता वाचली. परत आल्यावर मात्र वानखेडे सगळ्यांना सांगत होते की एकाही शर्टाला चुणी पडली नाही.

या कानामागे तेहतीस वर्षं आहेत. काकाजी नरखेडकडचे. तरुणपणी नागपुरात आले आणि संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे पेट्या भरायला लागले. शेवटी शेवटी ते तिथले मुख्य पॅकर होते. लाकडी पेटी, खाली तणस म्हणजे वाळलं गवत, त्यावर संत्र्यांचा पहिला थर, त्या थरातल्या खड्ड्यांमध्ये दुसरा थर, पुन्हा तणस. संत्रं दाबायचं नाही आणि मोकळंही सोडायचं नाही. खिळे ठोकण्याआधी पेटी कानाशी धरून हलवायची. आतून आवाज आला म्हणजे एक फळ हलतं आहे. एक फळ हललं म्हणजे दिल्लीला पोचेपर्यंत पेटीचा अर्धा चिखल. निवृत्त झाल्यावर काकाजींच्या हाताला पेट्या मिळेनात, तेव्हा त्यांनी आमच्या बॅगा धरल्या.

स्कीममधली जेवढी पोरं शिकायला, नोकरीला बाहेर पडली, त्या सगळ्यांच्या बॅगा काकाजींनी भरल्या आहेत. आमची लेक ईशा, तिची पुण्याला जातानाची बॅगसुद्धा. पहिली बॅग त्यांच्या स्वतःच्या मुलाची, नितीनची. तो सात वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. काकू त्यानंतर वर्षभरात वारल्या. तेव्हापासून काकाजी दुसऱ्या मजल्यावर, आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये, एकटेच असतात, स्वतःचा स्वयंपाक स्वतः करतात आणि त्यांच्या ओट्यावरच्या डब्यांमध्येसुद्धा बोट शिरेल एवढी फट नसते.

"नितीनची बॅग भरून देल्ली," ते छाती काढून सांगत, "सात वर्षं झाली. एक तक्रार नाही."

हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलं असेल. दर वेळी मला वाटे, काय हा माणसाचा अभिमान.

तर यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली आणि ईशाने आम्हाला क्रूझची तिकिटं पाठवली. मुंबईहून निघायचं, गोवा करायचं, लक्षद्वीप बघायचं, परत यायचं. चार रात्री जहाजावर. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. समुद्राचे प्रवाह गेली सत्तावीस वर्षं फळ्यावर काढतो आहे, पण होडीत बसलो तो अंबाझरीच्या तलावात, तोही लाइफ जॅकेट घालून. तिकिटं बघितल्यावर मी आणि मंजू, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, दिवसभर एकमेकांकडे बघून उगाच हसत होतो. ही बातमी स्कीममध्ये हळूहळू फोडायची असं आमचं ठरलं होतं. मंजूने ती फक्त एकीला सांगितली.

संध्याकाळी बेल वाजली. दारात काकाजी, हातात दोनशे पानी वही.

"प्रोफेसर, जहाजानं जाऊन राहिले म्हणे?"

"हो काकाजी. अजून महिना आहे."

"महिनाच हाय?" असं म्हणून ते सोफ्यावर बसले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

पुढचे तीन दिवस काकाजी दिसले नाहीत. त्यांच्या घरातून मोबाइलवरच्या व्हिडिओंचे आवाज मात्र सकाळपासून येत. चौथ्या दिवशी ते आले, तेव्हा डोळे लाल होते आणि वहीची पंचवीस पानं भरली होती. जहाजावर कधी पाऊल न ठेवलेला हा माणूस आता आम्हाला जहाज समजावून सांगू लागला.

"पयली गोष्ट. बंदरावर मोठी बॅग ते लोक घेऊन घेतात. खोलीत येते, पण कवा येते? चार घंटे, पाच घंटे. तवरीक तुमी काय कराल?"

"समुद्र बघू," मी म्हणालो.

"गोळी कुठी राहीन तुमची, बीपीची?"

बीपीची गोळी मोठ्या बॅगेत, म्हणजे जहाजाच्या पोटात कुठेतरी राहिली असती. काकाजींनी वहीत बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. हातातल्या लहान बॅगेत गोळ्या, कागदपत्रं, चार्जर, दोघांचा एकेक कपड्यांचा जोड. "अन्," इथे त्यांनी आवाज खाली आणला आणि वहीतून मान वर केली नाही, "पोहायचे कपडे. कारण पोहायचा हौद पयल्या दिवशी मोकळा असते. गर्दी मंग होते."

मंजू आत चहा टाकायला गेली, ती चहा होऊन गेल्यावरही पाच मिनिटं बाहेर आली नाही.

मग आला लोहचुंबकांचा अध्याय. जहाजाच्या खोलीच्या भिंती लोखंडाच्या असतात, हे काकाजींना कुठल्याशा व्हिडिओतून कळलं होतं. खोली असते एवढीशी, कपडे टांगायला जागा नाही, तेव्हा चुंबकाचे हुक न्यायचे आणि भिंतीला लावायचे. एवढं ऐकून मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते स्वतः सदरच्या बाजारात जाऊन हुकवाली आठ चुंबकं घेऊन आले आणि ताकद बघायला म्हणून आमच्या फ्रिजवर, आलमारीवर आणि गॅसच्या सिलिंडरवर लावून त्यांना माझ्या पँटी टांगल्या. तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात माझ्या पँटी लोंबत होत्या. भांडी घासायला येणाऱ्या मंगलाबाईंनी मंजूला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "सरांचं काही बिनसलं काय?"

इस्त्री नाही, किटली नाही, देवापुढची समई नाही. जहाजावर आगीची भीती, काकाजींनी सांगितलं. मंजूने समई सोडली, पण सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, सोडायला तयार नव्हती. तळलेल्या पंचवीस वड्या, घट्ट झाकणाचा डबा, सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. नागपूरच्या माणसाने चार दिवस सांबारवडीशिवाय समुद्रावर काढायचे म्हणजे काय?

काकाजींनी वहीचं पान उलटलं, बघितलं आणि पुन्हा उलटलं.

"मंजूताई, मले सांगताना वाईट वाटून राहिलं," ते शेवटी म्हणाले. "पण बाहेरचं जेवण चालत नाही. गेटवरच काढून घेतात. वडी फेकतील वं ते लोक."

वडी फेकतील, हे ऐकल्यावर मंजूने वडीचा नाद सोडला. त्या बदल्यात काकाजींनी संत्र्याच्या वाळवलेल्या सालींची एक पुडी आणून दिली. जहाज हललं, पोटात ढवळलं, की हुंगायची. त्यांच्या मते जगातल्या सगळ्या मळमळींवर हा एकच इलाज होता. मी मनात म्हटलं, बघू. इथेच कबूल करून टाकतो की गोव्याच्या पुढे जहाज डुलायला लागलं, तेव्हा ती पुडी मी नाकापासून दूर केली नाही आणि शेजारच्या टेबलावरच्या एका गुजराती काकांनाही दोन साली दिल्या.

कपड्यांची घडी काकाजींना मान्य नाही. "घडीले कोपरे असतात. कोपरे एकमेकांशी भांडतात." सगळे कपडे गुंडाळून संत्र्याएवढे गोळे करायचे आणि खालच्या थरातल्या खड्ड्यात वरचा गोळा बसवायचा. बुटांत मोजे, मोज्यांत काजळाची डबी. जड माल चाकांकडे. अशा रीतीने माझे सहा शर्ट, चार पँटी, मंजूच्या पाच साड्या, चार कुर्ते आणि ईशाने पाठवलेली, नारळाची झाडं छापलेली माझी गुडघ्यापर्यंतची चड्डी एका बॅगेत गेली आणि काकाजींच्या लटकत्या काट्यावर ती चौदा किलो सातशे ग्रॅम भरली. मुंबईच्या विमानाला पंधरा चालत होते.

"तीनशे ग्रॅम राह्यले," काकाजी म्हणाले आणि मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्याइतका सुखी माणूस उभ्या नागपुरात नसावा.

पण परीक्षा संपली नव्हती. हमाल पेटी फुलासारखी उचलत नाही, फेकतो, असा काकाजींचा तेहतीस वर्षांचा अनुभव. म्हणून मी काही म्हणायच्या आत त्यांनी आमची नवी कोरी बॅग पहिल्या मजल्याच्या जिन्यावरून खाली सोडली. अकरा पायऱ्या. बॅग धडधडत चौकीदाराच्या खुर्चीपाशी थांबली. मागून मी धावलो, माझ्या मागून मंजू ओरडत धावली. खालच्या फ्लॅटची दारं भराभर उघडली. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर मंजूने मला बॅगेसकट घराबाहेर काढलं, असाच सगळ्यांचा समज झाला, आणि वानखेडे वहिनी तर "जाऊ द्या ना, मंजूताई" म्हणत मध्ये पडल्या. काकाजी मात्र या गर्दीतून शांतपणे वाट काढत आले, बॅग उचलून त्यांनी कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"मुकी हाय," ते म्हणाले.

मला राग आला होता. नवीन बॅगेला खरचटलं होतं. पण बॅग उघडून बघितली, तर आतला एकही गोळा जागचा हलला नव्हता, आणि मग मलाही टाळी द्यावीशी वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली आणि बॅगेच्या आतल्या कप्प्यात सरकवली. मी बाहेर काढून वाचली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "माल भरणारा: बा. गावंडे. तक्रार असल्यास कळवणे."

"हे काय काकाजी?"

तेव्हा कळलं की प्रत्येक पेटीत अशी चिठ्ठी टाकायची मंडीत रीत होती. पेटी दूरच्या बाजारात उघडली आणि खालचा थर सडलेला निघाला, तर तिथला व्यापारी ती चिठ्ठी रागारागात परत पाठवायचा. कुणी भरली ते लगेच कळे. काकाजींच्या तेहतीस वर्षांत सहा चिठ्ठ्या परत आल्या. त्या सहाही त्यांनी जपून ठेवल्या आहेत आणि माणसं नातलगांची नावं घेतात तशी ते त्यांची नावं घेतात. पाटण्याची, दिल्लीची, कलकत्त्याची.

"कलकत्त्यावाल्यानं दोन पानं शिव्या देल्ल्या मले, हिंदीतून," ते कौतुकाने म्हणाले. "म्या माफी लिहिली. त्यानं उत्तर देल्लं. मंग दिवाळीले पत्र, मंग त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका. बारा वर्षं लिहीत होतो आमी. तो गेला तवा त्याच्या पोरानं कळवलं मले."

"तक्रारीवरून एवढं?"

"तक्रारीवरूनच होते, प्रोफेसर. माल चांगला पोचला तं कोण लिहिते? खाल्लं, साली फेकल्या, झालं. तक्रार आली की मानूस भेटते."

आम्ही हसलो. मंजू सहज म्हणाली, "काकाजी, तुम्हीच चला ना आमच्यासोबत. इतकी तयारी केली तुम्ही."

"म्या?" ते दचकले. "माझी संत्री गेली ना समुद्रातून. दुबईले गेली, कुठी कुठी गेली. त्याइनं पाह्यला समुद्र. भरनारा मंडीतच राह्यते."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आम्ही तेही हसण्यावारी नेलं.

जहाजाचं वर्णन मी करणार नाही. करायला बसलो तर मला आवरणं कठीण जाईल. एवढंच सांगतो की पहिल्या संध्याकाळी मुंबईचे दिवे मागे गेले आणि चारी बाजूंना नुसतं पाणी उरलं, तेव्हा भूगोलाचा प्राध्यापक फळ्यावरचे सगळे प्रवाह विसरला. मंजूने माझा हात धरला होता आणि आजूबाजूला लोक असूनही सोडला नाही. मोठी बॅग खोलीत यायला पाच तास लागले. सगळे प्रवासी घामेजल्या कपड्यांत इकडेतिकडे हिंडत होते आणि आम्ही दोघं पहिल्याच तासात पोहायच्या हौदात उतरलो होतो. खोलीच्या भिंतीला चुंबकं चिकटली. समोरच्या खोलीतल्या बाई ती बघायला दोनदा आल्या. जहाजाच्या वायफायवरून मी दर अर्ध्या तासाला काकाजींना फोटो पाठवत होतो. त्यांचं उत्तर एकच: "पँट सुरकुतली तं नाही?"

घोटाळा झाला तो शेवटच्या संध्याकाळी.

जहाजावरून उतरण्याच्या आदल्या संध्याकाळी मोठ्या बॅगा भरून खोलीच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. जहाजावरचे लोक त्या घेऊन जातात आणि सकाळी बंदरावर आपल्याला मिळतात. म्हणजे सकाळी घालायचे कपडे तेवढे मागे ठेवायचे. हे काकाजींच्या वहीत एकविसाव्या पानावर लाल शाईने होतं. हातातल्या बॅगेतला माझा जोड पहिल्याच दिवशी मळून मोठ्या बॅगेत गेला होता, म्हणून मी पँट, शर्ट आणि कोट खुर्चीवर काढून ठेवले होते. बॅग भरून झाली. सवयीने मी ती कानाशी धरली आणि हलवली.

बॅग बोलली.

शॅम्पू संपला होता, सालींची पुडी संपली होती, आतली मोकळी जागा वाढली होती. मी पुन्हा उघडली, गोळे पुन्हा बसवले. तरी बोलली. मंजू म्हणाली, "असू द्या हो, कोण ऐकतंय इथं." पण मला ते चालेना. काकाजींच्या बॅगेने अरबी समुद्रावर खडखड करायची? मी इकडेतिकडे बघितलं, खुर्चीवरची पँट उचलली, गोळा केला आणि नेमका त्या खड्ड्यात बसवला. मग शर्टही. बॅग मुकी झाली. मोठ्या समाधानाने मी ती बाहेर ठेवली, अंगावरच्या चड्डी-बनियानवर कोट चढवला आणि आम्ही डेकवर जेवायला गेलो. परत आलो तेव्हा बॅग नव्हती आणि खुर्चीवर सकाळचे कपडेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन हजार माणसांच्या रांगेत मी वर कोट, आत बनियान आणि खाली नारळाच्या झाडांची चड्डी अशा वेषात उतरलो. पायात काळे बूट होते. त्या गुजराती काकांनी मला ओळख दाखवली नाही. मंजू चार पावलं पुढे चालत होती आणि तिचे खांदे हलत होते. ती रडत नव्हती, एवढं मला लांबूनही कळत होतं.

हे कुणाला सांगायचं नाही, असं विमानात आमचं पक्कं ठरलं.

घरी पोचलो, तर काकाजी खाली चौकीदाराच्या खुर्चीवर बसले होते. सकाळपासून बसून होते, असं चौकीदार म्हणाला. त्यांनी बॅग हातात घेतली, कोपरे तपासले आणि विचारलं, "काही तक्रार?"

"काही नाही काकाजी. एकदम मस्त."

"बस. मंग माल पोचला," ते म्हणाले. बॅग माझ्या हातात परत दिली आणि जिन्याकडे वळले.

हा संवाद मी आजवर कितीतरी वेळा ऐकला होता. वानखेडे, ईशा, सगळेच प्रवासाहून आले की 'मस्त काकाजी' म्हणत लिफ्टमध्ये शिरतात आणि काकाजी जिना चढतात. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांची पाठ बघितली. कठड्याला धरून एकेक पायरी. महिनाभर आमच्या घरी दिवसातून तीनदा येणारा हा माणूस आता वर जाऊन दार लावून घेणार होता, कारण काम चोख झालं होतं. सात वर्षं झाली, एक तक्रार नाही. तो अभिमान नव्हताच, हे मला एवढ्या उशिरा कळावं, याची मला मनापासून लाज वाटली. नितीन दर रविवारी फोन करायचा. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं. "हाव. ठीक. तुमच्याकडे? ठीक. बरं." दोन मिनिटांत फोन बंद. तिकडे सगळं ठीक, इकडेही सगळं ठीक.

"काकाजी," मी हाक मारली. "तक्रार आहे."

ते पायरीवरच थांबले आणि वळले. त्या वयात माणूस इतक्या झटकन वळू शकतो, याची मला कल्पना नव्हती.

"कोणती?"

मी मंजूकडे बघितलं. तिने मान डोलावली. मग मी सगळं सांगितलं. बॅग बोलली इथपासून चड्डीवरच्या नारळांपर्यंत. काकाजी आमच्याबरोबर वर आमच्या घरात आले, सोफ्यावर बसले आणि त्यांनी मला ते पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. कोट कोणता होता, रांग किती लांब होती, उतरताना हवा होती का. मध्येच ते हसायला लागले आणि त्यांना ठसका लागला. मंजूने पाणी दिलं. मग ते गंभीर झाले.

"चूक माझी हाय," ते म्हणाले. "जातानीचं पॅकिंग शिकवलं तुमाले. येतानीचं नाही शिकवलं. येतानी बॅग बोलनच. माल उतरला ना. तिले बोलू द्याव लागते."

वहीत त्यांनी ते लाल शाईने लिहिलं. मंजूने सांबारवडी तळली आणि त्या दिवशी काकाजी आमच्याकडेच जेवले. आठवडाभर त्यांनी माझ्या पँटीची गोष्ट प्रत्येक मजल्यावर सांगितली आणि मी ती सांगू दिली.

त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट केली. आमच्या स्कीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नितीनचा नंबर आहे. तो तिथे कधी काही लिहीत नाही. मी त्याला वेगळा निरोप पाठवला: "नितीन, सात वर्षांपूर्वी बाबांनी भरलेल्या तुझ्या बॅगेत काही सांडलं, फुटलं, चुरगळलं असेल, तर त्यांना कळव. तक्रार जेवढी मोठी तेवढी बरी." उत्तर आलं नाही. मला वाटलं, उगाच नाक खुपसलं.

रविवारी सकाळी बेल वाजायची थांबेना. दार उघडलं तर काकाजी, अंगात बनियान, हातात वही.

"प्रोफेसर, तक्रार आली."

"कुणाची?"

"नितीनची. लिंबाचं लोणचं सांडलं होतं म्हणे बॅगेत. डिग्रीवर डाग हाय पिवळा. सात वर्षं बोलला नाही पोट्टा. तुमाले वाईट वाटन म्हणे." ते धापा टाकत होते आणि चेहरा असा फुलला होता की मंजू स्वयंपाकघरातून बघायला आली. "म्या बरणी आडवी ठेवली होती. त्याच्या मायनं सांगतलं होतं मले, उभी ठेवा. नाही ऐकलं म्या."

"मग काय म्हणाला?"

"मंग काय, तक्रारीवर तक्रार. थंडी लय हाय. साहेब बरोबर नाही. गुडघा दुखते म्हणे, या वयात. सव्वा घंटा बोलला." त्यांनी डोळे पुसले, अगदी उघड, आमच्यासमोर. "दिवाळीले येऊन राहिला."

मंजूने त्यांना बसायला खुर्ची दिली. बराच वेळ ते वहीची पानं उगाच उलटत राहिले.

"म्या बी एक तक्रार केली," मग ते म्हणाले.

"कोणती?"

"म्हटलं, तू फोन लवकर ठेवतं."

एवढं बोलून त्यांनी वहीचं कोरं पान काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि मला विचारलं, नितीनला परत जाताना कॅनडाच्या विमानात किती किलो नेऊ देतात.